कणीचा परवाना आणि धसईचा टोप

माणसं हवा पालटायला प्रवासाला जातात, देवाला जातात, काहीजण तर नुसतेच फोटो काढायला जातात. मी शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत गेलो तो एका माणसाचा होकार आणायला. होकार फोनवर मिळाला असता तर हे लिहायची वेळ आली नसती, आणि वालाच्या बिरड्याला मी जन्मभर नावं ठेवत राहिलो असतो.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मी पुण्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. जनार्दन आणि रोहिणी हे माझे जुने विद्यार्थी. जनार्दन शहापूर तालुक्यातला, डोळखांबच्या पुढच्या एका पाड्यावरचा. रोहिणी मुरबाड तालुक्यातली, धसईची. शिक्षण संपल्यावरही आम्ही तिघे एकमेकांच्या मानगुटीवर बसून राहिलो आणि काही वर्षांनी त्यातून एक नवी प्रोग्रॅमिंगची भाषा तयार झाली. मराठी शाळेतल्या मुलांना इंग्रजीशी कुस्ती न खेळता कॉम्प्युटरला कामाला लावता यावं, एवढाच हेतू. भाषा लहान, म्हणून नाव ठेवलं कणी. या भाषेत लिहिलेलं यंत्राला कळेल अशा रूपात उतरवून देणारा जो प्रोग्रॅम, तो कंपायलर. तोच आमचा खरा ऐवज. मुलाने काय लिहिलंय ते वाचून अर्थ लावायचा भाग जनार्दनने लिहिला, तो अर्थ यंत्राच्या गळी उतरवायचा भाग मी, आणि चुका दाखवायचा रोहिणीने. रोहिणीची कणी मुलांना सांगते, "बाराव्या ओळीत कंस उघडलास, मिटायचा कोणी?" हा सूर तिने आईकडून उचललाय अशी मला शंका होती. धसईला गेल्यावर ती फिटली.

कंपायलर सगळ्यांना खुला करायचा यावर आमचं एकमत होतं. भांडण झालं ते परवान्यावरून. अशा गोष्टी नुसत्या इंटरनेटवर टाकून भागत नाही. घेणाऱ्याने काय करावं आणि काय करू नये हे सांगणारा परवाना सोबत लागतो, नाहीतर कायद्याने ते सगळं लिहिणाऱ्याच्याच मालकीचं राहतं आणि शहाणा माणूस हात लावत नाही. माझं म्हणणं होतं, घ्या, वाटेल ते करा, आमचं नाव तेवढं पुसू नका. रोहिणीचं म्हणणं, घ्या, बदला, पण बदललेलं पुढे कोणाला देणार असाल तर तेही असंच खुलं द्या. मी तिला चिक्कू म्हणालो, ती मला भाबडे म्हणाली. जनार्दन काहीच म्हणाला नाही. आमच्यात कोणी कोणाचा नोकर नसल्यामुळे ज्याने जे लिहिलं ते त्याचं, आणि त्याच्या होकाराशिवाय त्याचा भाग बाहेर देता येत नव्हता. तो भाग वगळला तर कणीला वाचताच आलं नसतं.

तोवर मी उत्साहाच्या भरात अनेक शाळांच्या शिक्षकांना कळवून बसलो होतो की येत्या रविवारी कणी बाहेर येणार. आणि नेमका त्याच आठवड्यात जनार्दनचा फोन बंद झाला. रोहिणीने कळवलं, "जनार्दन म्हणेल तो परवाना मला मान्य. तुम्हालाही मान्य असेल तर जाऊन विचारा, सर. मी धसईलाच आहे." गुरुवारी सकाळी मी निघालो.

डोळखांबकडे

पुणे ते आसनगाव या प्रवासात बसायला जागा मिळाली, यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. शहापूरला एसटी स्टँडवर डोळखांबची गाडी पकडली आणि खरा प्रवास सुरू झाला.

भातकापणी उरकली होती. खाचरांतून नुसती धसकटं उरली होती, कडेला पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, आणि मागे डोंगर इतके जवळ की खिडकीतून हात बाहेर काढू नये असं वाटावं. साग आणि ऐनाची झाडं रस्त्यावर पानं टाकत होती. मी हे सगळं मनात टिपून घेत असताना शेजारच्या बाईंनी विचारलं, कोणाकडे चाललात? आमच्याकडे पुण्यात शेजारी बसलेल्या माणसाने असं विचारलं तर आपण पाकीट चाचपतो. इथे हा प्रश्न तिकिटाइतकाच आवश्यक असतो. मी जनार्दनचं नाव आणि पाड्याचं नाव सांगितलं.

"कंचा जनार्दन? टोपवाला?"

मी म्हटलं, कंपायलरवाला. बाईंनी मागच्या सीटकडे वळून चौकशी केली, मागच्याने पुढच्याला विचारलं, कंडक्टरनेही मत दिलं, आणि उतरेपर्यंत संपूर्ण गाडीचा निकाल लागला की मी टोपवाल्या जनार्दनकडेच चाललोय. टोप कसला, हे विचारलं तर सगळे हसले. "तोच सांगल," कंडक्टर म्हणाला आणि त्याने मला फाट्यावर उतरवून दिलं.

पाड्यावर

जनार्दन देवळामागच्या खोलीत भांड्यांच्या ढिगात उकिडवा बसला होता. मोठी पातेली, परातींच्या चवडी, ओगराळी, झारे, बादल्या. मला बघून त्याला आनंद झाला आणि लगेच तोंड उतरलं. "सर, तुम्ही परवान्याचं विचारायला आलात ना?" तो म्हणाला. "मला आठ दिवस विचारू नका."

प्रकार असा होता. या पाड्याची सामायिक भांडी आहेत. लग्न, बारसं, बाराव्याचं जेवण, कोणाचंही कार्य असो, भांडी न्यायची, वापरायची, घासून आणून ठेवायची. बाहेरगावचा कोणी मागायला आला तर त्यालाही नाही म्हणायचं नाही. यंदा हा कारभार जनार्दनकडे होता, आणि त्याच्याच हातून पाड्याचा सगळ्यात मोठा तांब्याचा टोप बाहेर गेला तो परत आला नाही. घरून काम करणारा, शिकलेला, म्हणून मोठ्या विश्वासाने त्याला कारभारी केला होता. आता जो तो फोन करून "टोप आला का" विचारत होता, म्हणून त्याने फोनच बंद करून टाकला होता.

एरवी टोप महिनाभर उशिराने आला असता तर चाललं असतं. पण रविवारी जनार्दनच्या चुलत बहिणीचं लग्न होतं, आणि तिच्या आईने, म्हणजे जनार्दनच्या काकीने, जाहीर केलं होतं की भात शिजेल तर त्याच टोपात शिजेल.

तेवढ्यात काकी स्वतःच आल्या. ठेंगणा बांधा, पदर कमरेला खोचलेला, आणि बघणं असं की आपण काहीतरी चोरलंय असं आपल्यालाच वाटावं. जनार्दनने माझी ओळख करून दिली आणि मी कशासाठी आलोय तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मास्तर," त्या म्हणाल्या, "ज्याला एक टोप राखता नाय आला, त्याला इचारता, दुनियेला काय वाटू म्हनून?"

जनार्दन मान खाली घालून परात पुसत राहिला. त्याचा होकार कुठे अडकलाय ते मला तेव्हा कळलं. दिलेली वस्तू परत येते यावरचा त्याचा विश्वासच उडाला होता.

दुपारी जेवायला तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सुकटीची चटणी होती. मी वाल कडू म्हणून घरी ताटाबाहेर ठेवतो. इथे मोड आलेले, सोललेले, नारळाच्या रसातले वाल वाढले आणि मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. काकी वाढत होत्या आणि मधूनच कणीची चौकशी करत होत्या. नावावर त्यांचा पहिला आक्षेप. कणी आमी कोंबड्यांना घालतो, चांगलं आंबेमोहोर तरी ठेवायचं. फुकट देणार म्हणता, मग काही बिघडलं तर? मी सांगितलं, परवान्यात शेवटी स्पष्ट लिहितात की कसलीही हमी नाही, तुमच्या जबाबदारीवर वापरा. त्यांनी वाढता हात थांबवला. घरी आलेल्या माणसाला भाकरी वाढायची आणि वर सांगायचं की पोटात दुखलं तर आमच्याकडे येऊ नको, ही कोणती रीत, असं त्यांनी विचारलं. जगभर हीच पद्धत आहे म्हटल्यावर त्यांनी जगाबद्दलचं आपलं मत सांगितलं, ते इथे देत नाही.

मग टोपाची गोष्ट निघाली. काकींचं लग्न झालं तेव्हा पाड्यावर मोठं भांडं नव्हतं. वऱ्हाडाचा भात दहा घरच्या दहा भांड्यांत शिजला, कुठे गिचका झाला, कुठे कच्चा राहिला, आणि वऱ्हाडी हसले. काकींच्या वडिलांना ते लागलं. पुढच्या वर्षी त्यांनी हा टोप करवून घेतला आणि बैलगाडीत घालून पाड्यावर आणला.

"आमच्या घरला नाय दिला. पाड्याला दिला," काकी म्हणाल्या. "घरला दिला असता त मी त्या घरची सून ऱ्हायली असती. पाड्याला दिला म्हनून मी पाड्याची झाली."

बोलून झाल्यावर त्या चटकन उठून चुलीकडे गेल्या. मी उगाचच पाणी प्यायलो. आपल्या मुलीच्या लग्नाचा भात त्यांना त्याच टोपात का हवा होता, हे विचारायची आता गरज नव्हती.

मी जनार्दनला म्हटलं, चल, टोप शोधू. परवान्याचं नंतर.

टोपामागे

शुक्रवारी सकाळी जनार्दनने शेजारच्याचं पिकअप मागून आणलं. पुढे काकी आणि जनार्दन, मागे हौद्यात पेंढ्याच्या गादीवर मी. पेंढा टोपासाठी घातला होता, त्याला पोचे पडू नयेत म्हणून. टोप मिळेपर्यंत मी बसायला हरकत नाही असं काकींनी ठरवलं. डोळखांबपासून किन्हवलीपर्यंतच्या रस्त्याबद्दल मला फार काही लिहिता येणार नाही, कारण बराचसा मी धुळीतून पाहिला. एका गतिरोधकावर मी आणि पेंढा वेगवेगळे झालो आणि परत एकत्र आलो, एवढं आठवतं.

टोप पहिल्यांदा किन्हवलीजवळच्या एका लग्नाला गेला होता. त्या घरी पोचलो तर यजमानांनी खुर्च्या मांडल्या, चहा आला, आणि मग त्यांनी अगदी निर्मळ मनाने सांगितलं, आमचं कार्य झालं आणि व्याह्यांकडे पूजा होती, त्यांनी मागितला, आम्ही दिला. व्याही सरळगावचे. सरळगावला पुन्हा खुर्च्या, पुन्हा चहा. व्याह्यांनी सांगितलं, आमची पूजा झाली, आचाऱ्याला धसईला साखरपुडा होता, त्याला लागत होता, आम्ही दिला. परत का नाही केला, असं विचारलं तर दोघांनाही प्रश्नच कळला नाही. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही ही त्यांचीही रीत होती. टोप कोणाचा, हे प्रत्येकाला फक्त आपल्या आधीच्या माणसापर्यंतच ठाऊक होतं.

मी हौद्यात बसल्या बसल्या मनात म्हणत होतो, हा माझाच परवाना चाललाय. घ्या आणि वाटेल ते करा. तो मला कागदावर फार उदात्त वाटला होता, पिकअपच्या हौद्यात तितकासा वाटेना.

पिकअप धसईच्या रस्त्याला लागलं. मग जनार्दनने मागची काच सरकवून मला सांगितलं, धसई काकीचं माहेर आहे.

धसई

धसईच्या बाजारात भाताची पोती उतरत होती, मेथी आणि वांग्यांचे ढीग लागले होते. मला भूक लागली होती, कारण दोन घरचा चहा हा काही आहार नव्हे. पण पिकअप थेट देवळापाशी थांबलं. रोहिणी तिथेच होती. मी तिला कळवलं होतं की आम्ही एका टोपाच्या शोधात येतोय. तिच्या चेहऱ्यावर अपराधी भाव होता.

"सर, तुम्ही ग्रुपवरचा फोटो बघितला नव्हता का?"

मी फोन काढून बघितला. चारएक दिवसांपूर्वी रोहिणीने आमच्या तिघांच्या ग्रुपवर फोटो टाकला होता, देवळाच्या पायरीवर ठेवलेला, हार घातलेला एक प्रचंड टोप. खाली लिहिलं होतं, आमच्या गावचा जुना टोप सापडला. त्याखाली मी लिहिलं होतं, "फारच छान." जनार्दनचा फोन बंद होता.

रोहिणीचे वडील, बाळारामभाऊ, हे धसईच्या भांड्यांचे कारभारी. साखरपुड्यानंतर टोप घासताना त्यांना बाहेरच्या अंगावर नाव घातलेलं दिसलं होतं, 'गोविंद बुधाजी, मु. धसई'. आचाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला सरळगावहून आणला. आता धसईच्या माणसाचं नाव असलेला टोप सरळगावला काय करतोय, यावर गावात बैठक बसली. आपला टोप कोणीतरी फार वर्षांपूर्वी नेला, दाबून ठेवला, आणि देवानेच तो परत आणला, असा निष्कर्ष निघाला. नारळ फुटला. बाळारामभाऊंनी हौसेने जुन्या तुटक्या कड्या काढून नव्या जाडजूड पितळी कड्या बसवल्या, कल्हई करून घेतली, आणि कडीच्या खाली स्वतःचंही नाव घालून घेतलं.

गोविंद बुधाजी म्हणजे काकींचे वडील. त्यांचं घर कधीच कल्याणला गेलेलं, आणि गावात त्यांना ओळखणारं फारसं कोणी उरलं नव्हतं.

काकींनी टोपाच्या अंगावरून हात फिरवला, नावावर बोट टेकवलं आणि म्हणाल्या, हे माझे वडील, टोप गाडीत घाला. बाळारामभाऊ अतिशय सौजन्याने म्हणाले की आत्या, नाव आमच्या गावचं, टोप तुमच्या पाड्याचा कसा? काकी म्हणाल्या, नाव देणाऱ्याचं असतं, घेणाऱ्याचं नसतं. चार माणसं जमली. दोन्ही बाजूंचं म्हणणं चार वेळा झालं. मग काकी देवळाच्या पायरीवर बसल्या आणि गप्प झाल्या.

यानंतर काय घडलं ते मला नीट कळलं नाही, कारण मी पुण्याचा. आमच्याकडे पाहुणा चहाला नको म्हणाला की यजमान मनातून सुखावतो. इथे काकींसमोर पाण्याचा तांब्या आला, त्यांनी हात लावला नाही. चहा आला, तो निवून गेला. बशीभर पोहे आले, ते झाकून ठेवले गेले. मग लाडू आले. दर वेळी आणणाऱ्या बाईचा चेहरा आधीपेक्षा जास्त घाबरलेला. मला वाटलं काकींना प्रवासाने मळमळतंय.

मी मागच्या बाजूला रोहिणीच्या घरी हात धुवायला गेलो, तेव्हा तिच्या आईने मला बसवलं. "नुसतं बघत काय बसताय, गार झाल्यावर खाणार काय?" असं म्हणून त्यांनी गरम कांदाभजी पुढे ठेवली. हाच तो आवाज, बाराव्या ओळीतल्या कंसाचा. मी भजी खाल्ली, चहा घेतला, पुन्हा भजी खाल्ली, आणि तृप्त होऊन देवळापाशी आलो.

बाळारामभाऊंना बातमी माझ्याआधी पोचली होती. त्यांनी ती सगळ्यांना ऐकवली. तुमच्या माणसाने आमचा पाहुणचार घेतला, आता रागरुसवा कसला, विषय मिटला. जनार्दनने कपाळावर हात मारला आणि माझ्या कानात सांगितलं की माहेरवाशीण पाणी न पिता परत गेली तर अख्ख्या गावाची मान खाली जाते, काकींच्या हातात तेवढं एकच हत्यार होतं, आणि मी ते भज्यांबरोबर खाऊन टाकलं होतं. कागदोपत्रीही अशीच अट असते. वस्तू वापरलीत म्हणजे अटी मान्य केल्यात. ती अट मी स्वतः वर्गात शिकवतो.

काकींनी माझ्याकडे एकदाच बघितलं.

"तो आमचा मानूस नाय," त्या म्हणाल्या. "तो पुन्याचा हाय."

मग त्या उठल्या. पदर सावरला आणि बाळारामभाऊंना म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या टोप. पोरीचा भात दहा भांड्यांत शिजवीन. माजा तसाच शिजलावता." आणि पिकअपकडे चालू लागल्या. ओठ सुकलेले, सकाळपासून उन्हात, आणि पाण्याचा तांब्या तसाच पायरीवर.

मला माझ्या पोटातली भजी जड झाली. इतकी लाज मला बऱ्याच दिवसांत वाटली नव्हती.

रोहिणीची आई घरातून तरातरा आली. तिने नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दोन-तीन बायकांना हाक मारली, "धरा गो," आणि टोप आडवा करून पायऱ्यांवरून गडगडत खाली आणला. तो आवाज पार बाजारापर्यंत गेला असणार. बाळारामभाऊ मागोमाग धावले. टोप न्यायला त्यांची आता हरकत नव्हती, पण कड्या त्यांच्या होत्या, त्या काढून घेतल्याशिवाय टोप हलणार नव्हता. ते खरोखरच पान्हा घेऊन आले.

आणि इथे रोहिणी पुढे झाली. मी तिच्याकडे मोठ्या उत्सुकतेने पाहत होतो, कारण सुधारलेलं परत खुलं द्यायचं हा तिचाच हट्ट, आणि आता सुधारणा तिच्या बापाची होती. ती आधी बापाकडे बघत राहिली, मग पान्ह्याकडे. तिलाही ते जड गेलं, खोटं कशाला सांगू.

"बाबा, कड्या टोपाबरोबर जाणार," ती म्हणाली. "तुम्हाला टोप मिळाला म्हणून कड्या झाल्या."

"मी बसवल्या," बाळारामभाऊ म्हणाले.

"म्हणून तर तुमचं नाव आहे तिथे. ते कोणी काढणार नाही."

बाळारामभाऊंनी कडीखालच्या नावावर अंगठा फिरवला. मग त्यांनी हळूच जनार्दनला विचारलं, "तिकडं लोक वाचतील?"

"दर लग्नात," जनार्दन म्हणाला. "टोप उचलताना कड्यांनाच धरतात."

पान्हा खिशात गेला. टोप पेंढ्यात बसला. रोहिणीच्या आईने तांब्या काकींच्या हातात दिला आणि काकींनी तो तिथेच, उभ्याने, एका दमात रिकामा केला. मग सगळ्यांना एकदम भूक लागली. जेवणात शेवग्याच्या शेंगांची आमटी होती. मी दुसऱ्यांदा जेवलो आणि काकींनी मला स्वतः आग्रह केला, त्यावरून मी पुन्हा त्यांचा माणूस झालोय असं मी समजलो.

परतताना पेंढ्यात टोप होता, म्हणून मी टोपात बसलो.

किन्हवलीजवळ जनार्दनने गाडी थांबवली आणि मागे आला. हौद्याच्या फळीवर टेकून बराच वेळ कड्या हलवून बघत होता. मग म्हणाला, "सर, मी उगाच स्वतःला शिव्या देत होतो. दिला म्हणून तो हरवला नाही. कोणी दिला ते लिहिलं होतं, कोणासाठी आहे ते लिहिलंच नव्हतं. आणि गेला तेव्हा कड्या तुटक्या होत्या." त्याने रोहिणीचा परवाना निवडला. नावं राहतील, कणी सगळ्यांची राहील, आणि कोणी कड्या बसवल्या तर त्या टोपाबरोबर फिरतील. "माझी हरकत नाही," तो म्हणाला.

मीही टोपात बसून होकार दिला.

टाकीपाशी

रविवारी लग्न. पाड्यावर फोन लागतो, पण इंटरनेटपुरती रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर मिळते, तीही मधल्या पायरीवर. मी, जनार्दन आणि धसईची माणसं घेऊन आलेली रोहिणी, तिघे लॅपटॉप मांडीवर घेऊन तिथे बसलो. खाली मांडवामागे तीन दगडांवर टोप चढला होता आणि त्यातून आंबेमोहोराचा वास जिन्यापर्यंत येत होता. बाळारामभाऊ चुलीपासून हलायला तयार नव्हते. कोणी टोपाजवळ आलं की ते कडीवरची राख फुंकरीने उडवायचे.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा कंपायलर वर चढायला लागला होता. रेंज जायची, यायची. रोहिणीने लॅपटॉप डोक्यावर धरला. आम्ही अक्षता टाकीवरूनच टाकल्या, त्या बहुतेक बँडवाल्यांवर पडल्या. शेवटचं सावधान झालं, ताशा वाजला, आणि थोड्या वेळाने पडद्यावर कणी सगळ्यांसाठी खुली झाल्याचं दिसलं. जनार्दनने फोन चालू केला.

काकी जिन्याखाली आल्या. डोळे रडून लाल झालेले, पोरीला आता वाटेला लावायची होती.

"दिला का?" त्यांनी विचारलं.

"दिला, काकी."

"कोनाला?"

"सगळ्यांना."

"मंग या जेवाला," त्या म्हणाल्या. भात एकसारखा शिजला होता.

लग्न उरकल्यावर जनार्दनने नाव घालणाऱ्याला बोलावून टोपावर आणखी एक ओळ ठोकून घेतली, 'पाड्याचा, सर्वांसाठी. नेणाऱ्याने परत आणावा.' निघताना काकींनी मला सोललेले वाल बांधून दिले.

पुण्याला आल्यावर दोन आठवडे काही घडलं नाही. शिक्षकांनी कणी उतरवून घेतली, मुलांनी रोहिणीची बोलणी खाल्ली. मग एका सकाळी निरोप आला. कुठल्या लांबच्या देशातल्या, नावही मला धड न उच्चारता येणाऱ्या माणसाने कंपायलर उघडून बघितला होता. त्याला एक चूक सापडली होती, ती माझ्या भागात होती, आणि ज्या भागाबद्दल मी वर्षानुवर्षं या दोघांना ऐकवत आलो त्याच ठिकाणी होती. त्याने ती दुरुस्त करून, काम दुप्पट वेगाने होईल असं करून, सगळ्यांसाठी परत पाठवलं होतं. खाली आपलं नाव घातलं होतं.

मी जनार्दनला फोन केला. त्याने ऐकून घेतलं आणि बाजूला तोंड करून ओरडून सांगितलं, "काकी, कड्या आल्या!"

लांबून काकींचा आवाज आला. "त्या मानसाला पानी तरी इचारला का?"

विचारलं नव्हतं. मी त्याच दिवशी त्या माणसाला पत्र लिहिलं. आधी आभार मानले. मग लिहिलं, कधी इकडे आलात तर आसनगावला उतरा, शहापूरहून डोळखांबची एसटी मिळेल, आणि गाडीत कोणीही विचारलं तरी सांगा, टोपवाल्या जनार्दनकडे जायचंय.